एक हजार येनची हाओरी

क्योतोला जायचं ठरवत असाल तर महिन्याची 21 तारीख साधता येते का ते आधी बघा. मंदिरं आणि बागा रोजच असतात, पण तोजी मंदिराच्या आवारातला मोठा बाजार त्या एकाच दिवशी भरतो. कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, या बौद्ध आचार्यांचं निधन इ.स. 835 मध्ये तिसऱ्या महिन्याच्या 21 तारखेला झालं. त्यांच्या स्मरणार्थ दर महिन्याला हा बाजार लागतो आणि तिथले लोक त्याला 'कोबो-सान' म्हणतात. क्योतो स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मजली पॅगोडा लांबूनच दिसतो, त्यामुळे रस्ता विचारायची गरज पडली नाही. हा पॅगोडा जवळपास 55 मीटर उंच आहे, जपानमधला सगळ्यात उंच लाकडी मनोरा.

त्याआधीचे तोक्योतले दिवस गर्दीत गेले. आसाकुसाच्या नाकामिसे रस्त्यावर माणसांच्या लोंढ्यातून सरकत असताना दिसत होत्या त्याच किचेन, तेच पंखे, तीच पंजा उचललेली मांजरं. वाईट काहीच नव्हतं. पण जी वस्तू तिथला माणूस स्वतःच्या घरासाठी कधी घेणार नाही, ती मी कुणाला भेट म्हणून का द्यावी, हे मला पटत नाही. स्वस्त वस्तू घ्यायची तर तिथल्या लोकांच्या रोजच्या वापरातली घ्यावी, किंवा वापरून झालेली.

वापरलेल्या वस्तूंसाठी कोबो-सानसारखी जागा नाही. लोणची, सुके मासे, रोपं, गंजलेल्या करवती, चिनी मातीच्या जुन्या बशा, आणि जिकडेतिकडे जुन्या किमोनोंचे ढीग. एका ठेल्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शाईने लिहिलं होतं : 1000 येन. ढिगामागे ॲप्रन घातलेल्या एक आजी बसल्या होत्या. मी एक काळी रेशमी हाओरी उचलली. हाओरी म्हणजे किमोनोवर घालायचं जाकीट. पुरुषाची होती. पाठीवर आणि बाह्यांवर घराण्याची छोटी पांढरी चिन्हं, बाकी नुसता काळा रंग. मी ती ठेवणार, तेवढ्यात आजींनी माझ्या हातातून घेतली आणि उलटी केली.

आतल्या अस्तरावर फुजी पर्वत होता. करड्या धुक्यातून वर आलेला, खाली वाकडी पाइनची झाडं, एका कोपऱ्यात रंगवणाऱ्याचा लाल ठसा. कडेला पिवळट डाग आणि काखेत एक शिवण नव्याने घातलेली. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, राजवटीने सामान्य लोकांच्या कपड्यांवर वेळोवेळी बंधनं घातली होती. पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी मग बाहेरून साधं आणि आतून भारी अशी वाट काढली, आणि पुरुषांच्या हाओरीची चित्रं आतच राहिली. हे मी वाचलं होतं. पण आजींनी दोन बोटांनी अस्तराची सुरकुती सरळ करून ते चित्र माझ्यासमोर धरलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

नेमक्या त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या एका पर्यटकाने दुसरी हाओरी धरली आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर 400 असा आकडा लिहून आजींच्या तोंडासमोर नाचवला. त्यांनी दोन्ही हातांची फुली करून नाही म्हटलं. मग 500. पुन्हा फुली. त्याचा आवाज चढत गेला, सोबतचे हसत होते, एक जण व्हिडिओ काढत होता. शेवटी त्याने ती हाओरी ढिगावर भिरकावली आणि मंडळी निघून गेली. आजींनी ती उचलली, झटकली, आणि शिवणीवर शिवण ठेवत घडी घातली. मला इतका संताप आला की क्षणभर त्या माणसाच्या मागे जावंसं वाटलं.

घासाघीस करू नये असं मी म्हणत नाही. जगात असे कितीतरी बाजार आहेत जिथे भाव केल्याशिवाय विक्रेत्यालाही बरं वाटत नाही. जपानच्या दुकानांत ती पद्धत नाही. अशा जुन्या बाजारात दोन-तीन वस्तू एकदम घेतल्या तर हळूच विचारता येतं, कधीकधी विक्रेता स्वतःहून कमी करतो. पण हाताने रंगवलेलं रेशीम हजार येनला मिळत असताना आणखी काय कमी करायचं? स्वस्त मिळालेली वस्तू आधीच कुणाच्या तरी कष्टांवर मिळालेली सूट असते. मी हजाराची नोट दिली. आजींनी पिशवीत किमोनोच्या कापडाच्या चार पट्ट्या वरून टाकल्या, विचारलंही नाही. किमोनोचं कापड जेमतेम हातभर रुंदीचं विणतात आणि सरळ तुकड्यांत कापतात, त्यामुळे उसवल्यावर अशा लांब पट्ट्या निघतात. त्यातल्या एकीची वहीतली खूण झाली.

बाकीची खरेदी शंभर येनच्या दुकानांत केली, आणि ती मला मनापासून आवडली. कर धरून 110 येन. दाइसो या दुकानांच्या साखळीत आता 200, 300, 500 येनच्या वस्तूही असतात, त्यामुळे किमतीची चिठ्ठी वाचावी लागते. सेरिया या दुसऱ्या साखळीत सगळं शंभरातच. पुष्कळ माल चीनमधला असतो, पण जपानमध्ये बनलेलं असेल तर पाकिटावर तसं छापलेलं असतं. मी तेनुगुई घेतले, पातळ सुती पंचासारखे. त्यांची टोकं मुद्दाम न दुमडता सोडतात, त्यामुळे चटकन वाळतात. शिवाय चॉपस्टिक टेकवायच्या चिमुकल्या मातीच्या बैठका, ओरिगामीचे कागद, सोया सॉसच्या इवल्या बशा. बशा मोज्यांत गुंडाळून आणल्या, एकही फुटली नाही.

21 तारीख हुकली तर 25 तारखेला कितानो तेन्मांगू मंदिरात असाच बाजार भरतो. दोन्हीकडे सकाळी लवकर जा आणि सुटी रोकड न्या, कित्येक ठेल्यांवर कार्ड चालत नाही. आणि सगळ्यात स्वस्त आठवण हवी असेल तर एक कोरी वही खिशात ठेवा. जपानमधल्या बऱ्याच रेल्वे स्थानकांवर त्या त्या गावाचं चित्र असलेला रबरी शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते, फुकट. भाचीसाठी मी अख्खी वही भरली. काही ठिकाणी गादी पार कोरडी असते आणि शिक्का नुसता पुसट उमटतो, तेव्हा स्वतःची एक छोटी गादी बरोबर असलेली बरी.