दहा तारखेच्या पट्ट्या

नांदेडच्या एका कॉलेजात मुलांशी बोलायला गेले होते, तिथे मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. ऑफिसात नवीन लागलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात. गेल्या दिवाळीत माझ्या नणंदेच्या मिस्टरांनीही विचारलं. प्रश्न एकच: "सपोर्टला गिऱ्हाइकांचे एवढे लांबलचक मेल येतात, ते तुम्ही सगळे वाचता का? आणि वाचत असाल तर वैताग कसा येत नाही?"

वाचते. सगळे वाचते, खालच्या "आपला विश्वासू"पर्यंत. वैतागाचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी छत्रपती संभाजीनगरात एका लहान कंपनीत बारा वर्षं सपोर्टचं काम करते. आमचं सॉफ्टवेअर मोंढ्यातल्या आडत दुकानांचा आणि दालमिलांचा हिशेब ठेवतं. शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचं वजन, भाव, रक्कम लिहिलेला त्याचा कागद), खरेदीदाराचं बिल, हमाली, तोलाई, बाजार समितीचा सेस, जीएसटी, सगळं त्यातच. गिऱ्हाईक लातूर, उदगीर, जालना, परभणी, सेलू, वसमत इथलं. दिवसा सौदे चालू असताना या माणसांना फोन घ्यायला सवड नसते. रात्री दुकान आवरल्यावर रोकड आणि संगणक जुळत नाहीत म्हणून माणूस मेल लिहायला बसतो, तेव्हा साडेदहा-अकरा झालेले असतात. दुकानात तो आणि दिवाणजी, दोघंच. ज्याला विचारावं असं तिसरं कुणी जवळ नाही. अशा वेळी लिहिलेला मजकूर चार ओळींत कसा आटोपेल?

शिवाय आपल्याकडे लिहायला शिकवलंच तसं आहे. आधी स.न.वि.वि., मग इकडची खुशाली, पाऊसपाणी, आणि त्यानंतर "पत्र लिहिण्यास कारण की". पन्नाशी उलटलेली बहुतेक माणसं मेलही त्याच क्रमाने लिहितात. कारण तिसऱ्या परिच्छेदात येणार हे एकदा माहीत झालं की पहिल्या दोन परिच्छेदांचा त्रास होत नाही.

ज्या मेलने मला हे काम खरं शिकवलं, त्याबद्दल सांगते.

ऑक्टोबरचा महिना होता, सोयाबीनची आवक जोरात. लातूर जिल्ह्यातल्या एका आडत्याचा मेल आला. वयस्कर माणूस, मी त्यांना काका म्हणते. पहिला मेल माझ्या हाताखालच्या मुलाने उघडला, वरच्या पाच ओळी वाचल्या आणि उत्तर पाठवलं: "कृपया स्क्रीनशॉट पाठवा." दुसऱ्या दिवशी काकांचा दुसरा मेल आला, पहिल्यापेक्षा दुप्पट मोठा. छापला असता तर साडेतीन पानं झाली असती. सुरुवातीलाच लिहिलं होतं, "ताई, आधी सगळं लिहिलं होतं, ते कुणी वाचलं नाही असं वाटायलंय, म्हणून परत पहिल्यापासून लिहितो."

ते वाक्य वाचून मी कीबोर्डवरून हात काढला आणि पूर्ण मेल वाचला. तक्रार अशी: महिन्याच्या सुरुवातीची आवक दिसेना झालीय. १ आणि ३ तारखेच्या पट्ट्या तर खात्यात कुठेच नाहीत (२ ला गांधी जयंतीची सुट्टी होती). पाच तारखेचा माल मे महिन्यात दाखवायलंय. मे महिन्यात कुठलं आलंय सोयाबीन? काही नोंदी तर अजून न उजाडलेल्या डिसेंबरात जाऊन बसल्यात. तेरा तारखेपासून पुढचं सगळं ठीक. शेतकरी पैशाला येऊन बसायलेत, त्यांच्या हातात पट्टी आहे आणि संगणक म्हणतो असा माल आलाच नाही. मग मुलाचं कौतुक: पोराने दसऱ्याच्या आधी संभाजीनगरहून नवीन लॅपटॉप आणला, जुन्या मशीनवरचं सगळं त्यानेच त्यात घेतलं. मग गावातली लाईट. आणि या सगळ्याच्या मध्ये, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: "दहा तारखेच्या पट्ट्या तेवढ्या जागेवर आहेत, त्या दिवशी घरी पूजा होती, दुकान दोनच तास उघडं होतं, म्हणून शांतपणे भरल्या गेल्या असतील."

मी तिथेच थांबले. दहा तारीख, दहावा महिना. दिवस आणि महिना उलटे केले तरी जो दिवस बदलत नाही तो हाच.

नव्या लॅपटॉपवर तारखेची पद्धत अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आपली पाच ऑक्टोबर, म्हणजे ०५/१०, त्याने दहा मे म्हणून वाचली. बारा तारखेपर्यंत प्रत्येक दिवस असा महिना होऊ शकतो. तेरावा महिना नसल्यामुळे तेरापासून पुढे प्रोग्राम नाइलाजाने तारीख सरळ वाचत होता. बारा ऑक्टोबर डिसेंबरात गेली. आणि एक ऑक्टोबर झाली दहा जानेवारी, तीन ऑक्टोबर झाली दहा मार्च. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून या दोन तारखांच्या पट्ट्या चालू वर्षातून निघून मागच्या वर्षाच्या खात्यात पडल्या होत्या. त्या "गायब" झाल्या त्या अशा.

काकांनी वापरण्यात काहीही चूक केली नव्हती. चूक आमची होती. आमचा प्रोग्राम तारीख वाचताना विंडोजच्या सेटिंगवर भरवसा ठेवत होता. तारीख साठवताना वर्ष, महिना, दिवस असा एकच ठरलेला क्रम हवा, म्हणजे संगणक बदलला तरी अर्थ बदलत नाही. ते आम्ही नंतर दुरुस्त केलं. त्या रात्री मात्र काकांना मी एवढंच लिहिलं: "काका, पूर्ण मेल वाचला. दहा तारखेच्या पट्ट्या जागेवर आहेत हे तुम्ही लिहिलंत, त्यावरून कारण सापडलं. एकही पट्टी हरवलेली नाही, फक्त तारखा उलट्या झाल्यात. उद्या सकाळी आठला, सौदे सुरू व्हायच्या आधी, मी फोन करते आणि दुरुस्त करून देते. तोवर नवीन पट्टी संगणकात भरू नका, कागदावर ठेवा."

त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "जीव भांड्यात पडला. आठ वाजता दुकानात बसतो."

त्या ओळीमुळे माझ्या लक्षात आलं की मेलची लांबी बरीचशी आपल्या हातात असते. आपलं म्हणणं पोचलं की नाही हेच माणसाला कळलं नाही तर तो पुन्हा सांगतो, जास्त सांगतो, आणि आवाज चढवून सांगतो. पोचलंय अशी खूण मिळाली की पुढचा मेल आपोआप आटोपशीर होतो. "आपली तक्रार प्राप्त झाली, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात" या छापील ओळीने ती खूण मिळत नाही. त्यांच्याच मेलमधली एखादी गोष्ट त्यांच्याच शब्दांत परत लिहावी लागते. त्यांनी "पट्टी" लिहिलं असेल तर मी "पट्टी"च लिहिते, "व्हाउचर" नाही. हे शब्द मला घरातूनच आले. माझे वडील परभणीच्या मोंढ्यात मुनीम होते. शेतकरी त्यांच्यासमोर बसून बैलापासून जावयापर्यंत सगळं बोलायचा, वडील हूं हूं करत ऐकायचे, आणि वहीत नाव, वजन, भाव एवढंच उतरायचं. पण ऐकताना त्यांनी कुणाला तोडलेलं मी पाहिलं नाही.

माझ्याही वहीत थोडंच उतरतं. पहिल्या वाचनात मी काही लिहीत नाही. दुसऱ्या वाचनात चारच गोष्टी टिपते: माणसाने काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं, आणि शेवटचं नीट कधी चाललं होतं. चौथी सर्वांत मोलाची. नीट चाललेला शेवटचा दिवस आणि बिघडलेला पहिला दिवस यांच्यामध्ये काहीतरी घडलेलं असतं. नवा लॅपटॉप, बदललेला प्रिंटर, आठवडाभर सुटीवर गेलेला मुनीम. लिहिणाऱ्याच्या लेखी ते घरगुती बोलणं असतं, म्हणून ते कधीच पहिल्या ओळीत येत नाही. "बाकी", "तसं", "आणि हो" असे शब्द दिसले की मी सावकाश वाचते.

२०२२ साली १८ जुलैपासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागला, तेव्हा दालमिलवाल्यांच्या मेलचा पूर आला. प्रत्येक मेल पानभर, आणि त्यातलं निम्मं सरकारवरच्या रागाने भरलेलं. एका मेलच्या शेवटी होतं, "तसं आम्ही ३० किलोचा कट्टा पण भरतो, पण तो वेगळा विषय." विषय तोच होता. तूरडाळ एक, एचएसएन कोड (करासाठी मालाला दिलेला क्रमांक) एक, पण २५ किलोपर्यंतच्या लेबलवाल्या कट्ट्यावर कर आणि ३० किलोच्या कट्ट्यावर नाही. आमच्याकडे कराचा दर कोडला जोडलेला होता, त्यामुळे एका कोडला दोन दर देताच येत नव्हते. दर मालाच्या नगाला जोडायला हवा हे त्या "वेगळ्या विषयाने" दाखवलं.

हल्ली ऑफिसात मेलचा सारांश काढून देणारी साधनं आली आहेत. काकांचा जुना मेल मी त्यातून काढून पाहिला. पाच ओळींचा नेटका सारांश आला: तारखा चुकीच्या, नोंदी गायब, ग्राहक नाराज. पूजेचं वाक्य गळालं होतं. आणि दहा तारीखही त्याच वाक्यात होती. तेव्हापासून नव्या पोरांना मी सांगते, सारांश वापरायचा तर मूळ मेल वाचून झाल्यावर वापरा.

उत्तर लिहिताना मात्र मी हात आखडता घेते. एका मेलमध्ये एकच प्रश्न. दोन विचारले की सोप्याचंच उत्तर येतं, हा बारा वर्षांचा अनुभव आहे. एका मेलमध्ये पाच अडचणी आल्या असतील तर पाच वेगळी तिकिटं (म्हणजे तक्रारींच्या वेगळ्या नोंदी) करते आणि तसं कळवते, नाहीतर तिसरी अडचण कुठे गेली या काळजीने माणूस सहावा मेल लिहितो. आधी ती अडचण घेते जिच्यामुळे कुणाचे पैसे अडलेत किंवा जिला तारीख आहे. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र भरायची, ११ तारीख जवळ आली की प्रिंटवरचा लोगो थांबू शकतो.

रागाचे मेलही येतात. त्यातल्या विशेषणांना मी उत्तर देत नाही, घडलेल्या गोष्टीला देते. फक्त एका बाबतीत मी लगेच आणि स्पष्ट बोलते. सगळं सांगायच्या भरात माणसं पासवर्डही लिहून टाकतात, एकदा तर बँकेचाही होता. तो मेल तिथल्या तिथे पुसते आणि मूळ कामाआधी "पासवर्ड आत्ताच बदला, आम्ही तो कधीच मागत नाही" एवढं कळवते.

आणि इंग्रजीची सक्ती आम्ही बंद केली. सेलूच्या एका दुकानदाराने भाषांतराच्या ॲपमधून इंग्रजी मेल पाठवला, त्यात पट्टीचं बँडेज झालं होतं. बँडेज छापलं जात नाही, बँडेजवरचं वजन चुकतंय. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. रात्री जागून, आपली अडचण आपल्याला न येणाऱ्या भाषेत मांडायची, का तर कंपनीला इंग्रजी लागतं असं त्याला वाटलं. त्याला लिहिलं, भाऊ, मराठीत लिहा, जसं बोलता तसं लिहा. आता तेच वाक्य आमच्या प्रत्येक उत्तराखाली असतं. त्यामुळे मेल लांब झाले हे खरं आहे. पण त्यातून कारण सापडायला लागलं.

वैताग येतच नाही असं नाही. दिवसाला तीस-चाळीस तिकिटं असतात, आणि एका मेलला वीस मिनिटं दिली की वरून विचारणा होते. मी दरवेळी तेच उत्तर देते: आधी वीस मिनिटं न दिल्यामुळे काकांच्या कामाला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस शेतकरी दुकानात बसून होते.

आत्ताही एक मेल समोर उघडा आहे, वसमतच्या हळद व्यापाऱ्याचा. बिलावर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतायत. रिकामे चौकोन असते तर फॉन्ट नाही म्हणून सोडून दिलं असतं, फॉन्ट टाकला की नावं परत दिसतात. प्रश्नचिन्ह जास्त वाईट. साठवतानाच अक्षर गेलं असेल तर ते परत येत नाही, नावं पुन्हा भरावी लागतात. म्हणून नावं पडद्यावर तरी शाबूत आहेत का, हे आधी कळायला हवं. त्यांनी हळदीचा भाव लिहिलाय, भावाच्या पोरीचं लग्न लिहिलंय, आणि चौथ्या परिच्छेदात, "बाकी, लग्नाच्या गडबडीत भाच्याने जुना प्रिंटर काढून दुसरा बसवला." त्यांना एकच प्रश्न लिहून ठेवलाय: दादा, बिल छापायच्या आधी पडद्यावर नाव नीट दिसतं का?