मेनमधली पसंतीक्रमाची निवडणूक, आतून पाहिलेली

6 नोव्हेंबर 2018, मेन राज्यातलं लुइस्टन, मी इलेक्शन क्लार्क म्हणून ड्युटीवर. अमेरिकेच्या संसदेसाठीच्या मुख्य निवडणुकीत पसंतीक्रमाचं मतदान पहिल्यांदाच होत होतं. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात 1, 2, 3 आकडे टाकतात तसंच, फक्त इथे गोल काळे करायचे.

दुपारी कापड गिरणीतून रिटायर झालेले एक आजोबा कोरी मतपत्रिका घेऊन परत टेबलाशी आले. म्हणाले, "मला अपक्षाला द्यायचंय पण मत फुकट जाईल ना, मग तो नको असलेलाच निवडून येतो." नाव घेऊ नका असं मी आधीच सांगितलं, केंद्रात उमेदवारांवर बोलायचं नसतं. मग नमुना पत्रिकेवर बोट ठेवून दाखवलं की हा पहिल्या पसंतीचा रकाना, हा दुसऱ्या, तुमचा पहिला बाद झाला तर मत दुसऱ्याला जातं. ते बराच वेळ रकाने बघत राहिले आणि विचारलं, "मग गव्हर्नरला (म्हणजे राज्याच्या निवडून येणाऱ्या प्रमुखाला) एकच गोल का?" मेनच्या स्वतःच्या राज्यघटनेची अडचण आहे, एवढंच सांगता आलं.

त्यांची भीती खरीच होती हो. 2010 ला इथे पॉल लपाज 38 टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन गव्हर्नर झाले, बाकीची मतं फुटली. त्याच रागातून 2016 ला लोकांनी सार्वमतात ही पद्धत पास केली.

आमच्या मतदारसंघातल्या संसदेच्या जागेवर पहिल्या मोजणीत रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन साधारण दोन हजारांनी पुढे, पण जिंकायला लागणारी निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नाहीत, दोन अपक्षांकडे मिळून आठेक टक्के. सगळ्या मतपत्रिका राज्याच्या राजधानीत, ऑगस्टा शहरात गेल्या, पुढच्या पसंत्या मोजल्या आणि 15 नोव्हेंबरला डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन विजयी. हरलेल्याला जिंकवलं अशी ओरड झाली, पॉलिक्विन कोर्टात गेले, तिथेही त्यांचं म्हणणं टिकलं नाही. काही हजार लोकांनी पुढच्या पसंत्या दिल्याच नव्हत्या, त्यांची मतं शेवटच्या फेरीत धरली गेली नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे, त्यासाठी मतदारांना आधीपासून नीट शिकवायला हवं. पण अपक्षाला मत देणाऱ्याला कुणाची मतं खाल्ली म्हणून बोल लावायचा, हे तरी थांबलं.

गव्हर्नरसाठी राज्यघटना बदलायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर सार्वमत लागतं, सोपं नाही, तरी ते करायलाच हवं, नाहीतर 2010 सारखा निकाल पुन्हा कधीही लागू शकतो.