मायनरचे 300 तास
सातारा, शनिवार, 14 जून 2025

दुपारपासून पावसाची रिपरिप आहे. अजिंक्यतारा ढगात गेलाय आणि झेरॉक्सच्या दुकानांसमोर छत्र्यांची गर्दी. प्रवेशाचे दिवस. या दिवसांत एकच प्रश्न कानावर येतो, "मायनर कुठला घेऊ?" त्याच्या पाठोपाठ, जरा दबक्या आवाजात, "सोपा कुठलाय?"

मायनर म्हणजे पदवीला मुख्य विषयाच्या, म्हणजे मेजरच्या, जोडीला घ्यायचा दुय्यम विषय. सोपा कुठला, ते ऐकीव माहितीवर ठरतं. गेल्या वर्षी कुणाला तरी त्यात बरे मार्क पडलेले असतात, एवढंच.

हिशेब करून बघावा. शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयात पदवीच्या रचनेत मायनरला 18 ते 20 क्रेडिट दिलेत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रात्यक्षिकाचं 30. म्हणजे वीसही क्रेडिट थिअरीचे धरले तरी 300 तास वर्गात बसायचं, प्रात्यक्षिकं असली तर त्याहून जास्त. घरचा अभ्यास वेगळाच. एवढे तास द्यायचे तर त्यातून हातात काय पडणार, हे आधी विचारलेलं बरं.

गुणपत्रकावर काय होतं, तेही आकड्यात मांडता येतं. समजा सत्र 22 क्रेडिटचं आहे आणि त्यात मायनरचा 4 क्रेडिटचा पेपर आहे. त्या पेपरात 8 ऐवजी 5 ग्रेड पॉइंट पडले तर 12 पॉइंट गेले. त्याला 22 ने भागलं की सत्राचा एसजीपीए, म्हणजे सत्राची ग्रेड पॉइंटची सरासरी, साधारण 0.55 ने घसरतो. सगळ्या मायनरभर असंच झालं, तर 132 क्रेडिटच्या पदवीत 18 क्रेडिटच्या मायनरपायी सीजीपीए, म्हणजे सगळ्या पदवीची सरासरी, 0.41 ने खाली येतो. "मायनरकडे कोण बघतंय" म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा कागदावर करावा. उलटही खरंच: आवडीच्या विषयातले चांगले गुण तेवढेच वरही नेतात.

मग घ्यावा कुठला? माझं मत असं की मेजर जिथे अडतो, तिथे कामाला येणारा. वनस्पतिशास्त्राचा मेजर घ्या. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंगद्रव्य घटक, किती हे डोळ्यांनी नाही कळत. अर्क काढून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 425 नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजावं लागतं. रसायनशास्त्राचा मायनर इथे पोट भरायच्या कामाचा. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये किंवा दूध संघात सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र ही जोडी चालते.

भूगोलाचा मेजर असेल तर संख्याशास्त्र नाहीतर संगणक. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका, हे तिथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. पण कुठल्या फुटाला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, याचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काढायचा तर नुसता भूगोल पुरत नाही. क्यूजीआयएस फुकट मिळतं, साधा लॅपटॉप चालतो. असा एखादा नकाशा मुलाखतीत समोर ठेवता येतो. 'मायनर: संख्याशास्त्र' ही नुसती ओळ कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही.

स्पर्धा परीक्षावाल्यांचं गणित वेगळं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषयाचे 250 गुणांचे दोन पेपर आले. त्यामुळे इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल यांपैकी जो वैकल्पिक घ्यायचाय तोच मायनर ठेवला तर अभ्यास दुहेरी कामी येतो. मात्र पदवीचा अभ्यासक्रम त्या पेपरांना पुरेल या भ्रमात राहू नये.

ओपन इलेक्टिव्ह आणि मायनर यांत घोळ घालणारेही बरेच. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे वेगळ्या शाखेतले सुटे, लहान पेपर. मायनर ही एकाच विषयाची साखळी आहे, मधली कडी राहिली तर पुढची लागत नाही. म्हणून फक्त पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम बघून ठरवू नये, शेवटच्या सत्राचा उघडावा. तिथे कॅल्क्युलस दिसलं आणि बारावीला गणित सोडलेलं असेल, तर तिथेच थांबावं.

साताऱ्यात आणखी एक गुंता. गावातली काही कॉलेजं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत, इतर शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. त्यामुळे शेजारच्या ताईचा अभ्यासक्रम आपला असेलच असं नाही. नोट्स मागण्याआधी विद्यापीठ विचारावं.

जिथे पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाने शिकवून दुसऱ्या वर्षी त्यातून मेजर-मायनर ठरवतात, तिथे पहिलं वर्ष ही चाचणीच समजावी. तिन्ही विषयांची प्रात्यक्षिकं नीट करावीत, घाई नको.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वेळापत्रकात. मायनरचं प्रात्यक्षिक दुपारी तीनला आणि मेढ्याची किंवा कोरेगावची एसटी साडेचारला, असं झालं की पोरगं महिन्याभरात दांड्या मारायला लागतं, मग हजेरी कमी भरते. दुसरं म्हणजे मुलं पुरेशी नसली की कॉलेज ती तुकडीच चालवत नाही आणि ऐनवेळी उरलेल्यातला विषय पदरी पडतो. म्हणून फॉर्म भरताना खिडकीवर तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी या मायनरला किती मुलं होती, शिकवणारे प्राध्यापक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, आणि प्रात्यक्षिक कुठल्या वारी, किती वाजता. दुसरी पसंतीही मनापासून लिहावी, पुष्कळदा तीच मिळते.

निकाल लागला की डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणारं, खातं उघडून मायनरचे क्रेडिट चढलेत का बघायचं. नसतील तर त्याच आठवड्यात परीक्षा विभागात अर्ज द्यायचा, गुणपत्रकाची झेरॉक्स जोडून, आणि पोच घेऊनच बाहेर पडायचं.