आमची वाटचाल: मिरजेच्या दवाखान्यांसोबत

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, बेळगाव-विजापूरकडचे पेशंटही उपचाराला इथेच येतात. आमचं दुकान सुरू झालं ते या दवाखान्यांच्या कॉम्प्युटर-प्रिंटरच्या कामावर. केबल ओढायची, बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकून द्यायचं, बिघडलं की धावत जायचं.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला धडक दिली. ऑपरेशनं पुढे ढकलली गेली, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दुरुस्ती दिली होती, ती अनेक मशीनवर टाकलेलीच नव्हती. तशीच मशीन आमच्याही ग्राहकांकडे होती, म्हणून आम्ही दवाखान्यांच्या सायबर सुरक्षेच्या कामाकडे वळलो. तेव्हा मात्र डॉक्टरमंडळी ‘आमच्याकडून काय चोरणार?’ म्हणायची. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले आणि तिथे कित्येक दिवस कामकाज कागदावर आलं, तेव्हापासून फोन त्यांच्याकडून यायला लागले.

चोरण्यासारखं खूप आहे. एटीएमचा पिन बदलता येतो. एचआयव्हीचा रिपोर्ट किंवा गर्भपाताची नोंद एकदा बाहेर गेली की त्या माणसाने काय बदलायचं?

सगळ्यात अवघड जागा सीटी स्कॅनची. मशीन चांगलं चाललेलं असतं, पण ते चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे कन्सोलवर, विंडोज ७. तिचे नेहमीचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच संपले. मशीनवाली कंपनी त्यात हात घालू देत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्यावर पेशंटचं निदान अवलंबून असतं. मग आम्ही कन्सोल बाकीच्या नेटवर्कपासून वेगळा काढतो. इंटरनेट बंद, फक्त स्कॅनच्या इमेज साठवणाऱ्या सर्व्हरकडे जाणारी वाट उघडी. कंपनीचा इंजिनिअर रिमोटवर येणार असेल तर आधी फोन करतो, तेवढ्यापुरतं उघडतो, काम झालं की लगेच बंद.

पासवर्डवरून सिस्टरना बोल लावणं मला पटत नाही. कॅज्युअल्टीत अपघाताची केस आली असताना बारा अक्षरं कोण टाइप करत बसेल? सगळी शिफ्ट एकाच लॉगिनवर चालते ती त्यामुळेच. जिथे जमलं तिथे आम्ही प्रत्येकीला स्वतःचं कार्ड दिलं. टेकवलं की स्क्रीन उघडते, आणि कोणती फाइल कोणी पाहिली याची नोंदही राहते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. ऐन गोंधळात हे कोणाला आठवणार? म्हणून कोणी कोणाला फोन करायचा, कोणती केबल आधी काढायची, हे मराठीत लिहिलेला एक कागद आम्ही सर्व्हरच्या कपाटावर चिकटवतो.

बॅकअपची एक हार्डडिस्क कायम वायर काढून ठेवलेली हवी, हा आमचा हट्ट आहे. जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही रॅन्समवेअर कुलूपबंद करतं. रविवारी ओपीडी बंद असताना त्या डिस्कवरून जुनी डिस्चार्ज समरी, एखादा एक्स-रे परत आणून उघडून बघतो.

आता जत, कवठेमहांकाळकडची छोटी नर्सिंग होमही जोडली जात आहेत. त्यांना महागडा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, परवडत नाही, म्हणून महिन्याच्या भाड्याने देतो. पहिल्या भेटीत मात्र विक्रीचं बोलत नाही. बॅकअप कुठे ठेवलाय ते विचारतो आणि त्यातली एक फाइल डॉक्टरांसमोर उघडून दाखवायला सांगतो.