आमची वाटचाल : बांधाच्या मोजणीपासून समुद्रातल्या हद्दीपर्यंत

2011 साली रत्नागिरीत आम्ही दोघा भावांनी कर्ज काढून एक टोटल स्टेशन (जमीन मोजायचं यंत्र) घेतलं आणि फर्म सुरू केली. घरजागेची मोजणी, हद्दीच्या खुणा, रस्त्याची लेव्हल, एवढंच काम होतं.

समुद्राकडे वळलो ते किनाऱ्यावरच्या गस्तीच्या नकाशामुळे. 1993 साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं रायगडातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली. 2008 साली दहा हल्लेखोर मुंबईत मच्छीमार वस्तीपाशी होडीतून उतरले. होडी कुठेकुठे लागू शकते, हे बंदरांच्या यादीवरून कळत नाही. भरतीला जिथे होडी सहज लागते, तिथे ओहोटीला खडपं उघडी पडतात. म्हणून गावोगाव फिरून आम्ही प्रत्येक पुळण, जेटी, खाडीचं तोंड जीपीएसवर घेतलं आणि क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर चढवलं. नावं तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, सांगितली तीच ठेवली.

पहिल्याच नकाशात आमच्याकडून मोठी चूक झाली. होडीवरच्या जीपीएसमध्ये आकडे अंश-मिनिटांत होते. 17 अंश 30 मिनिटं हे गुहागरजवळचं ठिकाण आम्ही 17.30 असं टाईप केलं. हवं होतं 17.50, कारण 60 मिनिटांचा एक अंश होतो. पाण्यात हा फरक 12 सागरी मैलांचा, म्हणजे 22 किलोमीटरचा! छापील प्रत बघून एक म्हातारे तांडेल म्हणाले, "ही निशाणी गुहागरात नाय, जयगडात पडली." त्या रात्री मला झोप लागली नाही. राज्याची सागरी हद्दही आधाररेषेपासून (किनाऱ्यालगतच्या ज्या रेषेपासून समुद्रातलं अंतर मोजतात तिथून) 12 सागरी मैलच. त्या हद्दीवर एवढी चूक झाली, तर घुसखोर ट्रॉलर सुटेल, नाहीतर निर्दोष माणूस 1981 च्या मासेमारी नियमन कायद्याखाली दंड भरेल. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणाचे आकडे दोघांनी वेगवेगळे भरायचे आणि मग जुळवायचे, असा नियमच केला.

15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राने भारतीय कंपन्यांसाठी नकाशाच्या बहुतेक कामांवरची पूर्वपरवानगीची अट काढली. आमच्यासारख्या लहान फर्मला तो फार मोठा दिलासा होता.

आता दरवर्षी 1 जून ते 31 जुलै, मासेमारी बंद असताना, आम्ही किनाऱ्यावर फिरतो. होड्या वर ओढलेल्या असतात, तांडेलांना बसून बोलायला सवड असते. वाळू सरकून खाडीचं तोंड कुठे बदललंय, ते त्यांच्याकडूनच कळतं. गस्तीच्या बोटीला प्लॅस्टिकमध्ये घातलेली छापील प्रत आजही देतो, कारण खोल पाण्यात मोबाईलची रेंज जाते.