पुलाखालची वटवाघळं आणि आबांचा हरभरा

आम्ही अमेरिकेत टेक्सासला राहतो. मुलांचं होमस्कूलिंग करतो, म्हणजे शाळेत न घालता घरीच शिकवतो, म्हटलं की भारतातून हमखास प्रश्न येतो, "मग विज्ञानाचं काय?" भाषा आणि गणित आई शिकवेल हे लोकांना पटतं, पण विज्ञानाला म्हणे प्रयोगशाळाच हवी.

गंमत म्हणजे टेक्सासच्या नियमांत होमस्कूलिंगसाठी सांगितलेले विषय आहेत वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. विज्ञान त्या यादीत नाहीच! सरकारी परीक्षाही नाही. सुरुवातीला मला याची धास्तीच वाटली होती. आता वाटतं, बरंच झालं. पोर्शन संपवायचा नसल्यामुळे एकाच प्रश्नामागे कितीही दिवस लागता येतं. आमच्याकडे तो मान वटवाघळांना मिळाला.

ऑस्टिनमधल्या काँग्रेस ॲव्हेन्यूच्या पुलाची १९८० मध्ये पुनर्बांधणी झाली. तेव्हा खालच्या बाजूला काँक्रीटमध्ये अरुंद, खोल फटी राहिल्या आणि मेक्सिकोहून येणाऱ्या वटवाघळांनी तिथे बिऱ्हाड थाटलं. भर उन्हाळ्यात त्यांची संख्या पंधरा लाखांपर्यंत जाते. आधी गावकऱ्यांना ती हाकलून हवी होती. १९८६ मध्ये मर्लिन टटल हे अभ्यासक ऑस्टिनला राहायला आले आणि लोकांची समजूत घालत राहिले. आज त्याच पुलाजवळ लोक संध्याकाळी चादरी अंथरून बसतात.

लेकीने तिथे विचारलं, "एवढी सगळी एकदम निघतात, मग धडकत कशी नाहीत?"

"प्रतिध्वनी" म्हणून मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी बाबाने घरी तिचे डोळे बांधले आणि जिभेने टक् टक् आवाज करत चालायला लावलं. समोर भिंत आहे की उघडं दार, हे तिला थोड्या सरावाने ओळखू यायला लागलं. मग इटलीच्या स्पालान्झानीची गोष्ट निघाली. १७९० च्या दशकात त्याने पाहिलं की दृष्टी गेलेली वटवाघळं व्यवस्थित उडतात, पण कान बंद केले की आपटतात. यावर लेक भडकलीच, "आंधळं करायला त्यांनी काय केलं होतं?" ती संध्याकाळ प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या वादात गेली, आणि ते मला प्रतिध्वनीइतकंच महत्त्वाचं वाटतं. वटवाघळांचा आपल्याला ऐकू न येणारा आवाज यंत्राने पकडायला पुढे १९३८ साल उजाडावं लागलं. पण लाखोंच्या कल्लोळात प्रत्येकाला आपलाच प्रतिध्वनी कसा सापडतो? यावर आजही संशोधन चालू आहे. हे कळल्यावर तिचा चेहरा खुलला. धाकट्याला मात्र पुलाखालच्या वासापलीकडे कशातही रस नाही.

दर महिन्याला खोक्यातून येणारे प्रयोगांचे संच आम्हीही मागवून पाहिले. चांगले असतात, पण शेवटी काय होणार ते झाकणावरच छापलेलं असतं. त्यापेक्षा हवामान खात्याचं रडार फुकट आहे आणि भारी आहे. सॅन अँटोनियोजवळच्या ब्रॅकन गुहेत याच जातीची कोटीच्या वर वटवाघळं राहतात. आभाळ कोरडं असतानाही उन्हाळ्यात तिन्हीसांजेला रडारवर त्या जागी पावसासारखा ठिपका उमटतो आणि पसरत जातो.

ही वटवाघळं खातात काय, हे शोधताना मक्याच्या कणसातल्या अळीचे पतंग सापडले. इथल्या मका-कापसाच्या शेतकऱ्यांचा हा जुना शत्रू. व्हिडिओ कॉलवर लेकीने फोटो दाखवला, तर परभणीकडचे आमचे आबा म्हणाले, "अगं, ही तर आमच्या हरभऱ्यातली घाटेअळी!" अगदी तीच नव्हे, पण दोघी एकाच वंशातल्या (जीनस), हेलिकोव्हर्पा. मग आबा फोन घेऊन शेतात गेले. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे दाखवले, अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला रोवलेले पक्षीथांबे दाखवले.

"आबा, पण पतंग तर रात्री उडतात. थांब्यावर रात्री कोण बसतं?"

इतकी वर्षं शेती करूनही हे बघायला आबा कधी गेले नव्हते. बॅटरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर निरोप आला, थांब्यावर पिंगळा होता. लेकीने लगेच उलट विचारलं, पिंगळा पतंग खातो की उंदीर?

आबांचं उत्तर आलं, "थांब, आज परत जातो."