भिगवणचं पाणी आणि हिरवा पडलेला फ्यूज होल्डर

उजनी धरणाच्या फुगवट्यावर महिन्याभरात दोनदा गेलो. पहिली फेरी फुकट गेली. दुसरीत यंत्र चाललं, पण त्याआधी मी एक बॅटरी विनाकारण विकत घेतली होती. तुम्ही लहान होडीवर फिश फायंडर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) नेणार असाल तर निदान ते पैसे वाचवा.

पुण्यातून सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण 100 किलोमीटर. पहाटे पाचला निघालो तर उजाडता उजाडता पाण्यावर पोचतो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा नावाडीमामांशी आदल्या दिवशी फोनवर बोलून ठेवावं. पुढे पळसदेवकडे पाणी उतरलं की बुडालेलं पळसनाथाचं देऊळ वर येतं. तळाशी जुन्या गावांच्या भिंती, झाडांची खोडं असणार, आणि मेव्हण्याला यंत्रावर तेच बघायचं होतं. मासे हा बहाणा. गळ आम्ही टाकलाच नाही. तुम्ही टाकणार असाल तर परवान्याचं आधी विचारून घ्या.

यंत्र साधंच, पाच इंची पडद्याचं, बारा व्होल्टवर चालणारं. बॅटरी घरच्या यूपीएसमधून काढलेली, 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची, बंदिस्त. ती स्वयंपाकघरातल्या एका डब्यात बसवली (डब्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही). आदल्या रात्री हॉलमध्ये सगळं झकास चाललं. मेव्हणा पडद्यावरचे मोठमोठे मासे बघून हरखला, तेव्हा त्याला सांगावं लागलं की हा डेमो मोड आहे, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत.

पाण्यावर ऊन चढलं, पडदा दिसेना, म्हणून उजेड पूर्ण वाढवला. यंत्र बंद. आपोआप चालू. पुन्हा बंद. मामा म्हणाले, "साहेब, ह्याला झोप यायलीय." बॅटरीच संपली असं ठरवून परतलो आणि दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून नवी कोरी बॅटरी आणली. जोडली, उजेड वाढवला, पुन्हा तेच!

मग मल्टीमीटर काढला. तो आधी काढायला हवा होता. माझी चूक अशी की मी नुसत्या बॅटरीचा व्होल्टेज बघत होतो, तोही यंत्र बंद असताना. तेव्हा सगळंच छान दिसतं. यंत्र चालू, उजेड पूर्ण, अशा वेळी दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टर्मिनलवर आणि यंत्राच्या पिनांपाशी. माझ्याकडे टर्मिनलवर 12.4 आणि पिनांपाशी 10.8. दीड व्होल्टच्या वर वाटेतच गायब. इतक्या खाली आलं की बरीच यंत्रं मान टाकतात. रात्री घरात उजेड कमी ठेवला होता, करंट कमी होता, म्हणून तेव्हा निभावलं.

मेव्हण्याने लगेच बारीक तारेला दोष दिला. कागदावर हिशेब केला. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे 0.2 ओहमच्या आसपास. यंत्र अर्धा अँपिअर खातं, तर तारेत एक दशांश व्होल्ट जाईल. उरलेला कुठे? मीटरचा एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर, दुसरा फ्यूजच्या पलीकडे ठेवला: 1.4. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. होल्डर उघडला तर आत हिरवं कीट. फ्यूज शाबूत होता, म्हणून मीटरची कंटिन्युइटीची पिपाणी (वाट जोडलेली असली की वाजते ती) वाजत होती आणि मी फसलो होतो. पिपाणी वाजली म्हणजे करंट वाहू शकेल असं नाही.

नवा झाकणाचा होल्डर, फ्यूज यंत्राच्या पुस्तिकेत सांगितला तेवढाच, जोडांवर नीट झाळ आणि हीट श्रिंक नळी (तापवली की जोडावर आवळून बसते ती), टर्मिनलला बोटभर व्हॅसलिन. पिळून टेप गुंडाळलेला जोड होडीवर ठेवूच नका. पहिली बॅटरी निर्दोष सुटली. तीच दुसऱ्या फेरीला नेली. ही लेड-ॲसिड बॅटरी, ती निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, तरी अर्ध्या अँपिअरला सहा-सात तास मिळतात. घरी आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावा, रिकामी पडून राहिली की आतून सल्फेट धरते आणि मग खरंच मरते.

दुसऱ्या फेरीत करंटचा त्रास नव्हता, पण होडी वेग घेई तसा तळ पडद्यावरून नाहीसा होई. कारण बुडबुडे. ट्रान्सड्यूसर (पाण्यात आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा यंत्राचा भाग) पाइपला बांधून मागे इंजिनाच्या फेसात सोडला होता, तो बाजूला घेऊन तोंड सरळ खाली केल्यावर तळ परत आला. उथळात एकदा 6.2 मीटर दाखवलं. मामांनी बांबू टाकला, तर तीन मीटरच! कडक तळावरून आवाज आदळून पृष्ठभागावर येतो, परत खाली जातो, आणि यंत्र तो दुसरा प्रतिध्वनी धरून दुप्पट आकडा सांगतं. सेन्सिटिव्हिटी उतरवली, 3.1 आलं. मामा मात्र त्या दिवसापासून यंत्राचा आकडा निम्मा करूनच ऐकतात.

आणि हे लक्षात असू द्या की ट्रान्सड्यूसरचा आवाज खाली शंकूसारखा पसरतो, त्या शंकूचा कोन 20 अंश असेल तर सहा मीटर पाण्यात तळाचं जेमतेम दोन मीटरचं वर्तुळ दिसतं. आम्ही तासभर फिरूनही भिंत म्हणावी असं काही दिसलं नाही. एका ठिकाणी उभी रेघ आली, ती खोड असावी.

दुपारनंतर थांबू नका. 2024 च्या मे महिन्यात याच पाण्यावर, कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट घरूनच न्या आणि अंगात घाला, बुडाखाली उशी म्हणून नको. आम्ही बाराच्या आत काठावर होतो आणि साडेबाराला चिलापी फ्रायपुढे. यंत्रात मासा म्हणून दिसलेला एकही तिथे नव्हता, याची खात्री मेव्हण्याने करून घेतली.